वाळवणीच्या खोलीचं कुलूप

कोपनहेगन, २ मार्च

आई, तुला दुरून नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी सांगते. नवा चष्मा जमला का?

माझ्या रक्ततपासणीचं उत्तर आलं. मला आजार नाही, पण त्याचा अर्धा वारसा आहे. आपल्या फेरो बेटांवर तो पुष्कळ घरांत आहे म्हणे. चरबी जाळून शक्ती मिळवायला पेशींना जो पदार्थ लागतो, तो या माणसांच्या पेशींत पोचतच नाही. मग तापात, उपाशीपोटी, हृदय अचानक थांबतं. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं बहुधा हेच झालं."

तो पदार्थ मांसातून मिळतो. आपली रानवा वाळत टाकलेलं मेंढीचं मांस चोरून खायची. तू म्हणायचीस, "या मांजरीला कुणीतरी बांधून ठेवा गं." पण तुला ते कळलं होतं माझ्याच चहाडीमुळे. म्हणून तू खोलीला कुलूप लावलंस. दोन महिन्यांनी, साध्या घसादुखीत, ती गेली.

नुसत्या मांसानं ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणतात. मी दोनदा विचारलं. तुला हे लिहावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं.

पण तूच मागच्या पत्रात लिहिलंस, दादाची लेक सुन्वा लवकर दमते आणि सारखी मांस मागते. तिची तपासणी याच आठवड्यात करायला सांग. यावर औषध आहे, रोज घ्यावं लागतं. तोवर तिला उपाशी झोपू देऊ नकोस.

ते कुलूप अजून तिथंच असेल. किल्ली सापडली नाही, तर दादाला तोडायला सांग.

तुझीच,
मारयुन