पुढे सरकणारी सीट

दादा,

दूध फ्रिजमध्ये आहे. आईचा चष्मा तिच्याच पर्समध्ये सापडला. गाडीची किल्ली मी लपवलीय, घर उलथंपालथं करू नकोस.

आईला डॉक्टरांकडे टॅक्सीने नेतेय. "एवढी आलिशान गाडी दारात असताना टॅक्सी कसली?" असं तू प्रवासातून आल्या आल्या ओरडणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

सोमवारी मेकॅनिक येऊन गेला. ड्रायव्हरच्या सीटची मोटर बदलायची तर तुझे दोन पगार जातील, ब्रेकचं काम वेगळं. गाडी जुनी म्हणून स्वस्तात आली, पण सुटे भाग नव्याच्याच भावाने घ्यावे लागतात. सीट आपोआप पुढे का सरकते, विचारलं. म्हणाला, "ताई, आधीच्या मालकीणबाई ठेंगण्या असतील, सीटला त्यांचीच सवय लागलीय." त्याने ती मागे घेऊन दिली. आरसाही आपोआप मागच्या डाव्या जागेकडे वळतो, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. तिथे आई बसते.

आज गुरुवार. गाडीतून आईची छत्री काढायला गेले, तर सीट स्टिअरिंगला जाऊन भिडली होती आणि आरसा मागे वळला होता. आईला सांगितलं, तर म्हणाली, "ती माझ्याकडेच बघत असते गं."

दुरुस्तीचा हिशेब आता पुरे. मिळेल त्या भावात विकून टाक, पण आईला त्या गाडीत पुन्हा बसवू नकोस.

— धाकटी

ता. क. गाडीची बॅटरी मेकॅनिक सोमवारीच काढून घेऊन गेला.