डिकीतला दिवा

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजही मेली! किल्ली फिरवली तर नुसतं टक्. हॉर्न दाबला तर आजारी शेळीसारखा आवाज. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. पाय गेलेत, कान शाबूत आहेत. आणि जीभ तर काय, विचारूच नये.

"बॅटरी उतरलीय. दिवे चालू ठेवले असशील, बिनडोक."

नव्हते ठेवले. तसं म्हटलं तर म्हणे, "मग राणीनेच पाप केलं."

राणी म्हणजे गाडी. माझ्याहून वयाने मोठी. तिचं नाव राणी, माझं नाव 'अगं ए'. बाबांचे पाय गेल्यापासून तिचं धुणं-पुसणं, तेलपाणी, आठवड्यातून एकदा फिरवून आणणं, सगळं मी करते. बाबांचं धुणं-पुसणंही मीच. दादा फोन करतो. आणि गाडी दादाला! गेल्या महिन्यात त्याला फोनवर म्हणाले, "ये एकदा, गाडीचं काय ते करून टाकू." मी शेजारी बसून त्यांची नखं कापत होते. एक जरा खोल गेलं.

येत्या रविवारी येतोय तो. मला हवी आहे ती गाडी. इथे लिहायला लाज कसली, वाचणार कोण?

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काल बॅटरी चार्जरला लावली होती. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती, ती गरम पाणी आणि सोडा घालून घासली. संध्याकाळी पहिल्या झटक्यात सुरू! बाबा काही बोलले नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं. आज सकाळी परत मढं.

"नवीच बॅटरी आणते," म्हटलं.

"ताप आलाय तर नवं पांघरूण! आधी ताप कशाचा ते बघ."

धक्का मारून चालू करू का विचारलं, तर तोंड असं केलं की जसं काही मी त्यांना भीक मागायला सांगितलं. मग त्यांच्या जुन्या गॅरेजच्या गोष्टी सुरू. कामाला नवा माणूस आला की चांगल्या गाडीत स्वतःच दोष घालून ठेवायचे आणि म्हणायचे, शोध. सापडला तर कामावर, नाही सापडला तर चहा पाजून वाटेला लावायचे. शंभरदा ऐकलंय. शेवट ठरलेला— "तू असतीस तर चहा पिऊन घरी गेली असतीस!" आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सापडलं!!

बॅटरी परत चार्ज केली आणि तिची वायर काढून मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडी पूर्ण बंद, तरी बल्ब पेटलेला. म्हणजे कुठेतरी वीज गळतेय. मग एकेक फ्यूज काढत गेले. जो काढल्यावर बल्ब विझेल, तिथे चोर. शेवटून दुसरा काढला आणि विझला. तो आतल्या दिव्यांचा. आतले सगळे तर बंद होते. फ्यूज परत लावून मागे गेले, तर डिकीचं रबर झिजलंय ना कोपऱ्यात, तिथून उजेडाची रेघ! बंद डिकीत दिवा जळतोय. बटणाची पट्टी वाकलीय, त्यामुळे झाकण लावलं तरी बटण दाबलंच जात नाही. बॅटरी म्हातारी, एवढ्या दिव्यानेही रात्रीत मान टाकते. दोन बोटांनी सरळ होईल अशी पट्टी.

धावत आत गेले. "बाबा—"

"काय, हरलीस? दादाला विचार फोन करून."

दादाला! ज्याला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही त्याला!

"हो," म्हटलं. "नाही सापडत."

बाहेर येऊन डिकी लावून टाकली. पट्टी तशीच. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मेली. मी चेहरा पाडून उभी राहिले. छान जमतो मला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

"फ्यूज बघितलेस?" बघितले. "सगळे?" सगळे. "नीट?" नीट, बाबा.

म्हातारा कोमेजलाय. पोळी अर्धी टाकली ताटात. लाडक्या लेकासमोर राणी चालू होणार नाही, उस्तादाची अब्रू जाणार, म्हणून जीव वर-खाली होतोय. होऊ दे! जन्मभर माझा केला, आता त्यांचा होऊ दे. मी मुद्दाम त्यांच्यासमोर डायनमो खोलून बसले. उगाच. परत लावला. ते बघत राहिले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

"एकदा शेवटचं बघ, बाळ. उद्या दादा येईल."

बाळ! उभ्या जन्मात कधी म्हणाले नाहीत. गाडीसाठी माणूस किती लाळघोटा होतो! बघते म्हटलं, दाखवायला बॅटरी चार्जरला लावली आणि गाडीत बसून पेरू खाल्ला.

रविवार, १० नोव्हेंबर

दादा आला. मी ऐटीत किल्ली फिरवली. टक्. बाबांकडे बघितलं. हाच क्षण आठवडाभर चघळत होते मी. त्यांनी मान खाली घातली. मला गुदगुल्या.

आणि दादा बुटाची नाडी बांधायला गाडीमागे वाकला. "अगं, डिकी बंद आहे ना? मग आत उजेड कसला?"

झालं. आंधळ्याने दगड मारला आणि नेमका लागला! पुढे काय काय झालं ते लिहायलासुद्धा नको वाटतंय. बाबांनी खिशातून दुसरी किल्ली काढून दादाला दिली. "तुला सापडलं. ने." आवाजात आनंद औषधालाही नव्हता, तो का ते मात्र कळलं नाही. बोलून दाखवायची सोय नव्हती मला. काय सांगणार? मला आधीच माहीत होतं म्हणून? मग बोलली का नाहीस?

बॅटरी चार्ज होईपर्यंत दादाने जेवून झोप काढली. जाताना म्हणे, "एकाने मागितलीय, देऊन टाकतो. ठेवायला जागा कुठे आहे?" राणी पहिल्या झटक्यात सुरू झाली, सटवी.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सकाळी बाबांची दाढी करत होते. एक गाल झाला होता.

"पट्टी मी वाकवली होती. तू ऑफिसला गेलीस तेव्हा. खुर्चीतून वाकता येत नव्हतं, पण जमवलं. दादाला तोंडावर सांगायचं होतं, दोष हिने शोधला, गाडी हिची. आठवडा दिला होता गं तुला."

वस्तरा पाण्यात बुचकळला.

"खरंच नाही सापडलं?"

"नाही," म्हटलं, आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.