आक्का, उत्तर माझं होतं

प्रिय आक्का,

गेल्या गुरुवारी सकाळी आंघोळ करून स्वामींपुढे दिवा लावला आणि कारखान्यात जायच्या आधी फोनमधला तो खेळ उघडला. टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमावरून काढलेला, तू माझ्याच फोनवर खेळायचीस तो. तू गेल्यापासून रोज एक डाव खेळतो. त्या दिवशी प्रश्न आला, भीमा नदी कोणत्या नदीला मिळते? माझा अंगठा सवयीने गोदावरीवर गेला. लाल झालं. खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, कृष्णा.

कुणीतरी, कुठेतरी बसून चूक दुरुस्त केली होती. खेळाला जमलं, आणि तुझ्या भावाला सहा वर्षांत जमलं नाही. म्हणून हे पत्र.

डोळ्याच्या ऑपरेशनला तू सोलापूरला आलीस, आठ दिवस राहिलीस, ते आठवतं ना? एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने हा खेळ. तेच संगीत, तेच घड्याळ, तोच दटावणारा आवाज. सातवीतून काढलेली तू, घड्याळ अर्ध्यावर यायच्या आत उत्तर दाबायचीस. पिठाचे हात घेऊन ही मागे उभी राहायची आणि म्हणायची, "वन्सं, जरा दम धरा की, मला प्रश्न तरी वाचू द्या."

भीमेच्या प्रश्नाला तू कृष्णा दाबलंस आणि खेळाने चूक दिलं. तू फोन खाली ठेवलास. "ह्यो खेळच खुळा हाय," म्हणालीस.

आणि मी काय केलं? आपल्या शाळेत गाईडात छापलेलं चूक असलं तरी पेपरात तेच लिहायचो. तपासणारा तेच धरतो, अशी आपली समजूत. तेच शहाणपण मी तुला शिकवलं. खेळ टीव्हीवाल्यांचाच आहे, तिकडेही हेच बरोबर धरणार, जिंकायचं असेल तर गोदावरी म्हण. तू वाद घातलास. मग तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा माझ्या शब्दाखातर गोदावरी दाबलंस, हिरवं झालं, आणि डाव पुढे गेला.

मला खरं उत्तर माहीत नव्हतं का गं? लहानपणी नदीच्या वाळूत काडीने रेघा ओढून तूच मला दाखवलं होतंस, ही भीमा, ही कृष्णा, आणि इथे गाठ.

पुढच्या वर्षी खऱ्या कार्यक्रमाचा निवडीचा फोन आला. मी मुद्दाम तुझ्या सासरी, दुधनीला आलो होतो. सोप्यात घरची सगळी माणसं, फोन मोठ्या आवाजावर. दोन उत्तरं तू फटाफट दिलीस. तिसरा प्रश्न नेमका भीमेचा! तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. तू गोदावरी म्हणालीस.

पलीकडच्या बाईंनी आभार मानून फोन ठेवला. तुझा दीर मांडी थोपटून हसला. "भीमंचं पाणी पिऊन वाढली, आन ती कुटं जाती ते ठावं न्हाय वैनीला!" त्या दिवसापासून तू गोदावरीबाई झालीस. घरात, गल्लीत, लग्नकार्यात. मी तिथेच बसलो होतो. हसलोही, थोडासा.

उत्तर माझं होतं हे तू का सांगितलं नाहीस? एकदा विचारलं तर म्हणालीस, "तुला हसतील की. मला सवय हाय."

पण सवय नव्हती, आक्का. तू पेपर वाचायचं सोडलंस. बायका कागद वाचून घ्यायला यायच्या, त्यांना लेकाकडे पाठवायला लागलीस. काही विचारलं की तुझं एकच, मला काय कळतंय. हे माझंच करणं होतं.

खरं सांगायला दोनदा निघालो होतो. दोन्ही वेळा अक्कलकोटला उतरलो, स्वामींना सगळं सांगितलं आणि तिथूनच परत फिरलो. देवाला सांगितल्यावर माणसाला सांगायचं राहिलं तरी चालतं, असं वाटायचं. तेवढ्यात तू गेलीस.

या रविवारी एसटी अक्कलकोटला थांबली तेव्हा बसल्या जागी हात जोडले. उतरलो नाही.

दुधनीत भाऊजी आणि तुझा दीर सोप्यात होते. चहा यायच्या आत मी सांगून टाकलं, की उत्तर माझं होतं आणि तिला खरं ठाऊक होतं. दीर म्हणाला, "आता काय उपेग, पाव्हणं? ऐकायची ती गेली."

भाऊजी भिंतीकडे बघून म्हणाले, "शेवटचं पानी पाजलं, तवाबी मी त्याच नावानं हाक मारली." आणि उठून गोठ्यात गेले.

कुणी चिडलं नाही. चिडायला हवं होतं. मन हलकं होईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही. होईल असं आता वाटतही नाही.

तरी एक वचन देतो. ते नाव जिथे निघेल, तिथे मी तोंड उघडेन. त्याने तुझं काही भरून येणार नाही, हे मला माहीत आहे.

निघालो तेव्हा तुझ्याकडून कागद वाचून घेणाऱ्या बायका शेजारच्या ओट्यावर बसल्या होत्या. एकीने ओळखलं. "गोदावरीबाईचं भाऊ नव्हं तुमी?" मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तुझा,
दत्ता