म्हसाईचं माहेर

ती. दाजींना आप्पासाहेबाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, फक्त मी नाही. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं रोहिणीताई म्हणाली. तर नगरच्या सावेडीतून निघून कर्जतपर्यंत चालत आलात तरी माझी हरकत नाही. खरं तर फोनच करायचा, पण फोन आला की आमची आई स्पीकर लावायला लावते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्या करणबरोबर चिठ्ठी पाठवतोय. वाचून फाडून टाका.

घरातल्या जुन्या माणसाची कबर शोधणाऱ्या त्या अमेरिकेच्या कॅरोलबाईंना तुम्ही मोठ्या मनाने सांगून बसलात की आमच्या मेहुण्याला कर्जतचा इंच न् इंच ठाऊक आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली. त्यांच्या खापरपणजीची बहीण हॅना, तिकडच्या खेड्यात गुरं राखणारी पोर, मिशनरी नवऱ्याबरोबर दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागात आली आणि फिरतीवर असताना तापाने गेली. नवराही परतीच्या बोटीवर वारला, त्यामुळे तिला पुरलं कुठं हे घरात कोणालाच कळलं नाही. (भावकीत निरोप तिकडेही पोचत नाहीत, हे वाचून जरा बरं वाटलं.) बाई पुन्हा पुन्हा एकच विचारतात, शेवटी तिच्याजवळ कोणी होतं का? मी काय सांगणार? मला माझ्या पणजीचं नाव आईला विचारावं लागतं.

तरी हिंडलो. श्रीगोंद्याकडे माळावर एक थडगं आहे असं कळलं. हार घातला, डोकं टेकवलं, बाईंना फोटो पाठवला. फोनवर त्यांच्याकडून रडक्या चेहऱ्यांची चित्रं येऊन पडली, आणि मग तिथला मेंढपाळ म्हणाला की त्यात कुठल्याशा साहेबाचा कुत्रा आहे. हे बाईंना अजून कळवलेलं नाही. धीर होत नाही.

त्यात परवा आपली भुरी म्हैस व्याली. रिवाजाप्रमाणे पहिला चीक म्हसाईला. (विहिरीजवळचा शेंदूर फासलेला धोंडा हो! तुमच्या लग्नात पाया पडताना फेटा घरंगळला होता, तोच.) दूध चोरणाऱ्या म्हशीला नुसता हात लावला की म्हैस पान्हा सोडायची, अशी कोणी देवमाणूस बाई होती, एवढंच आम्हाला ठाऊक. मी वाटीतला चीक ओतला आणि शेंदराचं जाड कवच सुटून माझ्या पायावर पडलं. खाली दगडावर इंग्रजी अक्षरं. हॅना! दाजी, जिला मी तालुकाभर शोधत होतो तिला आम्ही पिढ्यान् पिढ्या चीक पाजतोय.

देवी म्हणजे मडमेची कबर, हे आईला कळलं तर ती अन्न सोडेल, आणि बाईंना कळलं तर त्या दगड उचलून नेतील, म्हणजे आई अन्न सोडेलच. तूर्त धोंड्यावर घोंगडी टाकलीय आणि देवीला गारवा बाधतो असं आईला सांगितलंय. बाई रविवारी नगरहून इकडे येणार. तुम्ही सोबतीला या, इंग्रजीला आधार होईल.

आपला,
आप्पासाहेब

ता. क. आधाराचं सोडा. खरं काम असं की बाईंना परस्पर नगरमध्येच सांगा, खात्रीची कबर सापडली नाही. फारच रडल्या तर फोटोतल्या कुत्र्याकडे न्या.

ता. क. २. वरचं करू नका! करण टेम्पो चालू करत होता, तेवढ्यात आईने घोंगडी ओढली. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. तर म्हणते, "नाव हाय तर असू दे. देवाला नाव नसतं व्हय?" मग धोंड्याजवळ बसून तीच रडायला लागली. आपल्याच घरातल्या, त्या काळच्या बायडाबाईने तापात त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणे, शेवटपर्यंत. हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं, मला कधी कोणी सांगितलं नाही. आता तिने साडीचोळी काढून ठेवलीय, खरवस लावलाय, आणि मलाच विचारते, "येवढ्या वर्सांनी माहेरचं मानूस येतंय. न्यायला आली आसंल तर न्हाई कसं म्हनायचं?" पण बाई आल्या की आधी एक सांग, असं तिने बजावलंय. ते इंग्रजीत कसं म्हणतात, ते करणबरोबर लगेच लिहून पाठवा: तुमची पोरगी दिल्या घरी सुखी आहे.