चिठ्ठी नसलेल्या बरण्या

बुधवार, ८ सप्टेंबर २०२१

निभावलं! जेवून, ताटल्या विसळून, तिघेही गाडीत बसून गेले — आणि कोणाला काहीही कळलं नाही.

आजचा गुलाश मी नाकाने केला नाही. तराजूने आणि घड्याळाने केला. बीफचा खिमा सातशे ग्रॅम. कांदा तीनशे दहा. ढोबळी मिरची एक. टोमॅटोचे दोन डबे, पाणी साडेसहाशे मिलिलिटर, कोरडी मॅकरोनी साडेतीनशे — सगळं एकाच भांड्यात, माझ्या दिवंगत नवऱ्याच्या, रॉल्फच्या, आईच्या त्या जाड बुडाच्या बिडाच्या भांड्यात. झाकण ठेवल्यापासून चौदा मिनिटं, दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळणे. मॅकरोनी घातलेल्या या पदार्थाला हंगेरीतला माणूस गुलाश म्हणणार नाही, हे मी चाळीस वर्षं सांगत आले आहे. ओहायोत माझं कोणी ऐकत नाही. म्हणून मी त्यात चमचाभर शहाजिऱ्याची पूड घालते. हंगेरीशी तेवढाच प्रामाणिकपणा!

डेरिकने तीनदा वाढून घेतलं. "आई, आज अगदी जमलाय." जमणारच. चौतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने मोजून केलेली गोष्ट न जमायला काय झालं?

ऑगस्टमधल्या तापानंतर मला कशाचाही वास येत नाही. कॉफी नाही, साबण नाही, हातात कापलेला कांदा नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच उरलं आहे. डॉक्टर म्हणाले, "थांबा. परत येईल. कदाचित." 'कदाचित' हा शब्द त्यांनी शेवटी ठेवला, हे माझ्या लक्षात आलं.

गुरुवार, ९ सप्टेंबर

कोणाला का सांगत नाही, ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते.

विल्डामुळे. माझ्या थोरल्या बहिणीने एकदा — केवळ एकदा! — बटाट्याचं सूप शेगडीवर विसरून करपवलं. मुलांनी आधी शेगडी काढून नेली. मग गाडीची किल्ली. मग घर. आज ती वृद्धाश्रमात दुपारी साडेचारला रात्रीचं जेवते आणि मला रॉल्फची आई समजते. तिचं पुढे काय होणार होतं ते झालंच असतं, हे मला कळतं. पण सुरुवात एका करपलेल्या भांड्यापासून झाली, हेही मी पाहिलं आहे.

शाळा सुटल्यावर माझी नात जूनी माझ्याकडे असते. बुधवारी तिचे आईबाप तिला न्यायला येतात आणि जेवून जातात. हा बुधवार हातून गेला की बाकीचं सगळं मागोमाग जाईल.

तेव्हा गप्प.

बुधवार, १५ सप्टेंबर

आजही निभावलं. जरा काठावर.

टॉन्या दारातूनच म्हणाली, "वा! कांदा मस्त परतलाय, आई!"

"माहीत आहे मला," मी म्हणाले. किती सहज!

माझी सून शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधते. रांधते म्हणजे डबे फोडते. येताना पिशवीतून नारिंगी चीजचं पाकीट घेऊन आली — "वरून थोडं घालू? मुलं वेडी होतात!" मी म्हटलं, या घरात वेडं होण्याइतकी मुलं नाहीत. हसली. तिला टोमणा कळत नाही, की कळून ती सोडून देते, हे अकरा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

डॉक्टरांनी सांगितलेला हुंगण्याचा अभ्यास सुरू. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी — प्रत्येकी वीस सेकंद, दिवसातून दोनदा. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

बुधवार, २२ सप्टेंबर

काहीतरी चुकलं. काय, ते कळत नाही.

पहिला घास घेतल्यावर डेरिक आणि टॉन्या यांनी एकमेकांकडे पाहिलं. जूनी सात वर्षांची आहे. तिला पाहणं पुरत नाही. "आजी, आज गुलाश केकसारखा लागतोय!"

"गप्प बस आणि खा," डेरिक म्हणाला. स्वतः एकदाच वाढून घेतलं. जाताना त्याने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ जवळ धरून ठेवलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

गुरुवार, २३ सप्टेंबर

दालचिनी!

मसाल्यांच्या अठरा बरण्या आहेत — एकसारख्या, आणि एकीलाही चिठ्ठी नाही. चिठ्ठी लावावी लागणं हे ढिसाळ स्वयंपाकघराचं लक्षण, असं मी आयुष्यभर म्हणत आले. झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं, बस्स. जत्रेत बावीस वर्षं मुरंब्यांची परीक्षा केली तीही याच नाकावर. शहाजिऱ्याची पूड तपकिरी. दालचिनीची पूड तपकिरी. काल मी कोणत्या बरणीत चमचा घातला, ते बरणीच सांगते आहे: जिभेवर गोडसर लागणारी, म्हणजे दालचिनीची, चमचाभर उतरली आहे. आणि या बाईने ती बीफच्या खिम्यात घालून, मोठ्या ऐटीत वाढली!

दुपारभर बसून अठरा चिठ्ठ्या लिहिल्या. ज्या नुसत्या पाहून ओळखू येईनात, त्या दाण्यादाण्याने जिभेवर ठेवून. तरी चारांवर प्रश्नचिन्ह आहे.

सोमवार, २७ सप्टेंबर

दुपारी वाचत बसले होते. अचानक करपल्याचा वास! स्पष्ट, झणझणीत! पुस्तक टाकून स्वयंपाकघरात धावले.

शेगडी बंद. भांडी कोरडी. ओव्हन गार.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हा भास. अशा रुग्णांना होतो, त्यावर विसंबू नका. म्हणजे आता जे नाही तेवढंच मला येतं! दहा पावलं धावताना किती आनंद झाला होता, ते इथे लिहिणार नाही.

बुधवार, २९ सप्टेंबर

टॉन्याला चिठ्ठ्या दिसल्या. मीठ घ्यायला गेली आणि फडताळापुढे बराच वेळ उभी राहिली. बोटाने एकेक वाचत गेली. प्रश्नचिन्हंसुद्धा.

"नीटनेटकं केलंत, आई," एवढंच म्हणाली. आवाज फार मऊ होता. या बाईला असा आवाज आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

जेवताना डेरिकने विचारलं, "आई, आज तारीख काय गं?"

"भिंतीवर लिहिलेली आहे," मी म्हटलं. असले प्रश्न कशासाठी? गुलाश निर्दोष होता. कोणी नीट जेवलं नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर

हे क्रमाने लिहायला हवं.

चार वाजता भांडं शेगडीवर ठेवलं. मॅकरोनी घातली, झाकण लावलं, आणि बैठकीच्या खोलीत जूनीची वजाबाकी तपासायला गेले — दोन मिनिटांसाठी. दरम्यान भांडं उतू गेलं आणि ज्योत विझली. परत आले तर आत उकळी नव्हती. वाटलं, आच कमी झाली असेल. मी नुसती उभी राहून ढवळत होते. किती वेळ, देव जाणे.

टॉन्या आज लवकर आली. दार उघडलं आणि तिथेच ओरडली, "गॅस!" मला बाजूला सारून बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, जूनीला उचलून अंगणात नेलं. परत आली तेव्हा मी तशीच, डाव हातात घेऊन.

"घरभर गॅसचा वास आहे, आई."

"माहीत आहे मला. आत्ता खिडकी उघडणारच होते."

"नाही." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नाही, तुम्हाला माहीत नाही. जूनी शेजारच्या खोलीत होती, आई. माझ्याशी खोटं बोलू नका. आज नको."

चौतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना असं उभं केलं. स्वतः कधी उभी राहिले नव्हते. सांगितलं. ताप, डॉक्टर, तराजू, दालचिनी, सगळं. एका वाक्यात संपलं ते: मला वास येत नाही.

टॉन्या खाली बसली. खुर्चीवर नाही, सरळ फरशीवर. मला वाटलं, चक्कर आली. तोंडावर हात धरून ती हसत होती की रडत होती, कळेना.

"नाक?" ती म्हणाली. "नुसतं नाक?"

डेरिक आला तेव्हा तिने शेगडी पुन्हा पेटवली होती. "सांगा त्याला. तुम्हीच सांगा. गुलाश गरम आहे तोवर." मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. माझा बेचाळीस वर्षांचा, पूल बांधणारा मुलगा टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

"दालचिनीच्या त्या बुधवारी जाताना मला रस्त्याकडेला गाडी थांबवावी लागली," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, विल्डा मावशीसारखं झालं. आणि मग त्या चिठ्ठ्या! मावशीनेही शेवटी कपाटांना चिठ्ठ्या लावल्या होत्या, आठवतं? मी त्या आश्रमात जाऊन खोलीसुद्धा पाहून आलो, आई. शनिवारी तुझ्याशी बोलणार होतो."

खोली! पाहून आला होता! जे टाळण्यासाठी मी सात आठवडे गप्प बसले, तेच माझ्या गप्प बसण्याने दारापर्यंत आणून ठेवलं होतं. इतका निकृष्ट प्रयोग मी एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माफ केला नसता.

"मग आजीला माझ्या मोज्यांचा वास येत नाही?" जूनीने विचारलं.

"नाही येत."

"मग मी इथेच राहते!"

डेरिक इतका हसला की ठसका लागला. मॅकरोनी शिजून लगदा झाली होती. चौघांनी भांडं पुसून खाल्लं.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

दहा तास झोपले.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

टॉन्या गॅस कळवणारं यंत्र घेऊन आली, स्वतःच भिंतीला लावलं. तिच्या अटी: यंत्र बंद करायचं नाही. घरात जूनी असेल तर टॉन्या येईपर्यंत शेगडी पेटवायची नाही. आणि पुन्हा "माहीत आहे" म्हणायचं नाही — माहीत नसताना.

तिन्ही मान्य केल्या. तिसरी सर्वांत कठीण आहे.

शेगडी माझ्याकडेच आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. बुधवार माझाच आहे. हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं आहे.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आज टॉन्या माझं नाक झाली. मी ढवळत होते, ती शेजारी उभी राहून सांगत होती.

"कांदा अजून रडवतोय. थांबा... आता गोड झाला. आता खिमा घाला. आता ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय — घाबरू नका, पाणी आटेपर्यंत तो असतोच. हां! आता शेकोटी. आता टोमॅटो."

"शेकोटी म्हणजे नेमकं काय?"

"बाहेर खेळून आलेल्या मुलाच्या जाकिटाला येतो ना, तसा वास. थंडीतला."

मी डाव थांबवून तिच्याकडे पाहिलं. मला लागलीच तो वास आठवला. डेरिकचं निळं जाकीट आठवलं. माझ्या दोन्ही पाठ्यपुस्तकांत इतकं नेमकं वाक्य नाही.

तीनशे मुलांचा स्वयंपाक अकरा वर्षं, आणि एकदाही काही बुडाला लागू दिलेलं नाही, असं कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. डबे फोडण्याबद्दल जे पूर्वी लिहिलं ते खोडत नाही — लिहिलं ते लिहिलं — पण ते चुकीचं होतं.

चारही प्रश्नचिन्हं तिने पाच मिनिटांत सोडवली. नारिंगी चीज मात्र नाही म्हणजे नाही!

शनिवार, ३० ऑक्टोबर

लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. शून्य. तरी सकाळी करते. रॉल्फ म्हणत असे, तू हट्टी नाहीस, हट्टाची प्राध्यापक आहेस.

बुधवार, ३ नोव्हेंबर

नारिंगी चीज घातलं. अर्धं पाकीट. डेरिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मूर्ख मुलगा.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

विल्डाला भेटून आले. डब्यातून गुलाश नेला होता. तिने झाकण उघडलं, नाक खाली नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "शहाजिरं!" बहिणीला माझं नाव आठवत नाही, तिच्या नाकाला सगळं आठवतं. मला नेमकं उलटं. दोघी मिळून एक शहाणी म्हातारी झालो असतो.

बुधवार, १७ नोव्हेंबर

टॉन्या आल्यावर भांडं चढवलं. ती अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली. मी जूनीशी पत्ते खेळत बसले. मी हरत होते, म्हणून ढवळायचं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा!

मग काहीतरी आलं. कडवट, धुरकट, खाली थोडा गोड टोमॅटो. मी उठले नाही. भास असेल. पत्ते हातात तसेच धरून बसले, श्वास आत ओढला, पुन्हा ओढला. "आजी, तुझा डाव!" जूनी म्हणाली. मी बोटाने तिला गप्प केलं. हलायची भीती वाटत होती.

तेवढ्यात अंगणातून टॉन्याची आरोळी आली, "आई! अहो आई! बुडाला लागलं! करपतंय!"

"माहीत आहे!" मी ओरडले. "टॉन्या, मला माहीत आहे!"