गुलाबाखालची लोकर

१८ एप्रिल २००४, रविवार

सासूबाई आल्या. कवठे येमाईहून एसटीनं, बरोबर दोन पोती. वाटलं बाजरी असेल. उघडलं तर लोकर! न धुतलेली, लेंड्यांसकट.

"औंदा कुनी न्हेईना. घोंगडीवालाबी नको म्हनतो. तुझ्या झाडांना घाल."

कारेगावच्या या कॉलनीत आमच्याकडं मेंढरं आहेत हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. "गावाकडं बागायत आहे" एवढंच सांगते. आणि आता हे! पोती मागच्या मोरीत ढकलली.

२१ एप्रिल

टँकर आला नाही. गुलाबांनी माना टाकल्या. रविवारी शर्वरी मॅडम बाग बघायला येणार — ह्यांच्या मॅनेजरसाहेबांच्या मिसेस. बागस्पर्धेचा निकाल मॅडम लावतात, ह्यांच्या प्रमोशनचा साहेब. म्हणजे आमचे गुलाब ही काही साधी झाडं नाहीत!

२२ एप्रिल

दुपारी झोपून उठते तर प्रत्येक गुलाबाच्या बुडाशी लोकर अंथरलेली! वर पाणी शिंपडलेलं. ओल्या मेंढराचा वास थेट गेटपर्यंत. दोन कुत्री येऊन बसलेली, अगदी भक्तिभावानं.

"आत्या, काढा ते!"

"ऱ्हाऊ दे. ऊन खाली लागत न्हाई, वल टिकती."

मी कुंड्यांतून उदबत्त्या खोचल्या.

२४ एप्रिल

गुलाब उभे राहिले. आता लोकर काढताही येईना!

२५ एप्रिल, रविवार

मॅडम आल्या. इतकं शुद्ध बोलतात की उत्तर देण्याआधी मी मनात एकदा म्हणून बघते. वाकून लोकरीकडं बघत राहिल्या, बराच वेळ. "हे काय आहे?"

तोंडातून निघून गेलं — "ऑस्ट्रेलियन आहे. खास बागेसाठी येते."

"अच्छा. वास वेगळाच आहे."

"हो ना, इम्पोर्टेड वास!" (हे मी खरंच म्हणाले. देवा!)

तेवढ्यात सासूबाई कळशी घेऊन आल्या. मॅडमनी विचारलं, "या कोण?"

"माळीणबाई."

सासूबाईंनी शांतपणे पाणी ओतलं. मॅडमना म्हणाल्या, "व्हय बाई. लोकर बाहीरची, आन् म्याबी बाहीरचीच."

मॅडम हसल्या नाहीत. मी मात्र हसले. मोठ्यानं.

२६ एप्रिल

सासूबाई सकाळीच पिशवी भरून तयार. "माळणीलाबी सुट्टी आसती की." मी "आत्या, बसा ना" म्हणाले, तेवढंच. बसल्या नाहीत.

ह्यांना सगळं सांगितलं. "ऑस्ट्रेलिया?" एवढंच बोलले आणि ड्यूटीवर गेले. डबा ओट्यावरच.

२८ एप्रिल

पहिलं बक्षीस आपल्याला! कॉलनीतल्या बायकांची दारात गर्दी. सगळ्यांना ऑस्ट्रेलियन लोकर हवी. एकीनं तर पामेरियन कुत्र्याचे केस कातरून आणले — "वहिनी, हे चालतील का?" मी म्हटलं, आधी वास घेऊन बघावा लागेल. घेतला. चालणार नाहीत.

कप टीव्हीवर ठेवला. ह्यांनी बघितलाही नाही. मागच्या दारी पायरीवर सासूबाई बसायच्या, तिथं सारखं लक्ष जातं.

३० एप्रिल

दुपारी मॅडम एकट्याच आल्या. चपला गेटपाशी काढल्या, गुलाबाजवळ उकिडव्या बसल्या आणि मूठभर लोकर घेऊन नाकाशी धरली.

"वरवंडला आमचीबी मेंढरं व्हती गं. शर्वरी हे लग्नातलं नाव. म्या साखरबाई."

मीही चपला काढून शेजारी बसले.

"आय गेल्यापासनं हा वास कुठं आला न्हाई. तुझी सासू कुठंय?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"तिला चालताना बघितलं की! मेंढरांमागं चाललेली बाई लपती व्हय?" त्यांनी डोळे पुसले. "आन् म्या तरी तवा कुठं बोलले?"

उद्या पहिल्या एसटीनं कवठ्याला जाते. त्याही येतायत. सासूबाईंपुढं काय बोलायचं, हे आम्हा दोघींनाही अजून सुचलेलं नाही.