जिनिंगच्या भिंतीजवळचं टोपलं

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, तरी उद्याच्या बैठकीआधी तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. शहरातले गुन्हे कुठं होतात, का होतात आणि रस्ते सुरक्षित कसे करायचे, यावर मी आयुष्यभर अभ्यास केला. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "म्हंजे पोरीचं भेव अजून गेलं नाही तं!" नाही गेलं, बाई. कामाला लावलं मी त्याला.

साठ सालाच्या आगेमागे मी पुसदला तुमच्या वर्गात सातवीत होते. शाळेतून घरी यायचं तर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या लांब भिंतीच्या कडेनं यावं लागे. एके दिवशी तिथं एकानं माझा हात धरला. मी हिसडा देऊन पळाले, दप्तर तिथंच पडलं. बाबा त्याच जिनिंगात हमाली करायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद." माझ्याआधी आणखी दोघी अशाच घरी बसल्या होत्या. हात धरणारा गावभर मोकळा आणि कोंडून घ्यायचं आम्ही, याचा संताप मला आजही येतो.

तुम्ही घरी आलात ती दुपार मला अजून दिसते. आई चुलीपाशी फुटाणे भाजतेय, बाजारात विकायला. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात येऊन भुईवर बसता आणि मी रडायला लागते. तुम्ही मलाच रागावता. "रडून काहून राह्यली? भेव लागते ना? मंग कुठं लागते थे सांग. अख्ख्या पुसदचं तं नाही लागत?" मी म्हणते, भिंतीपाशी. "भिंत लय लांब हाय. बोट ठेवून दाखव." मग मला आणि आईला घेऊन तुम्ही निघालात. मी पुढं, तुम्ही मागं. एका वळणाशी माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले, तसं तुम्ही थांबवलंत. तिथून बाजारही दिसत नव्हता आणि एकही घर दिसत नव्हतं. "इथं कोनी नसते, म्हनून थो असते," तुम्ही म्हणालात, आणि आईकडे वळलात. "शाळा सुटाच्या वक्ताले तुमचं टोपलं इथं आना."

"अव माय! इथं फुटाणे कोन, भुतं खातीन काय?"

"पोरी खातीन. मीबी खाईन."

आईनं पायानं तिथला पाचोळा बाजूला सारला. मग म्हणाली, "बसतो मी. पन माही पोरगी शाळेत गेली पायजे. तिच्या बापाले थे तुमी सांगा."

बाबांना तुम्ही काय सांगितलंत ते मला कधीच कळलं नाही, पण मी शाळेत गेले. सुरुवातीला टोपलं भरलेलंच घरी यायचं. तुम्ही मात्र रोज तिथं उभ्या राहून फुटाणे खायचात. शिक्षिकेला हे शोभत नाही, असं कोणी म्हणालं की तुम्ही त्याच्यापुढंच फुटाण्यांची मूठ धरायचात. पुढं एक बांगड्यावाली आली, बंडीवाले बैल सोडून बसायला लागले. तो माणूस एकदा फिरकला होता. आई मोठ्यानं ओरडली, "काय पायजे रे? फुटाणे देऊ, का तुह्या मायले बलावू?" सगळे हसले. पुन्हा तो दिसला नाही. घरी बसलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरीचं तोवर लग्न लावून दिलं होतं.

आता ऐका, बाई. आमच्या शहरात एका समितीनं सुरक्षेची योजना आखलीय, आणि तिच्यावरचा माझा अहवाल उद्या बैठकीत मांडायचाय. दिवे लागणार, कॅमेरे लागणार, आणि फुटपाथवर बसणाऱ्या बायांना अतिक्रमण म्हणून उठवणार. त्याच रस्त्यांवरून मी आणि माझे सहकारी शाळकरी मुलींबरोबर चाललो. जिथं भाजीवाली, शेंगावाली बसते तिथं मुलींची चाल संथ होते, आणि तेवढा भाग मागं पडला की पाय उचलतात. मी अहवालात साफ लिहिलं, दिवे लावा पण बायांना हात लावू नका. काल समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. तेवढा भाग गाळा म्हणे, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या कोणाला देऊ. द्या म्हटलं. एक ओळ काढणार नाही मी. माझ्या आईला उठवून कोणता रस्ता सुरक्षित होणार आहे?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हे शेवटचं वाचायला दिलं नसतं. काल फोनवर मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण मला भेव लागून राह्यलंय, बाई. कुठं, ते बोट ठेवून दाखवते. बैठकीच्या खोलीत, लांब टेबलाच्या माझ्या बाजूला. तिथं कोणी नसतं. सकाळी बाजारातून पावशेर फुटाणे घेऊन जाईन म्हणते, आणि टेबलावर समोरच ठेवीन.